संगणकाचा कारभारी : विकतचा कीं मोकळा ?



१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें आपल्या विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टिमच्या नित्याच्या मोफत दुरुस्त्या थांबविल्या. त्या दिवशीं कित्येक घरांतील संगणक सकाळीं जसे सुरू झाले तसेच सायंकाळींहि चालत होते. मुलांचीं छायाचित्रें जागच्या जागीं होतीं. तरीहि ते एकाएकीं म्हातारे ठरले. कारण पुढच्या विंडोज ११ ला टी.पी.एम. २.० नांवाचा सुरक्षा-घटक लागतो, आणि बरेच जुने प्रोसेसर तिला चालत नाहींत. धडधाकट यंत्र एवढ्यासाठीं भंगारांत काढावें काय ?

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाच्या घरचा कारभारी. कळफलकावर दाबलेलें अक्षर, छपाईकडे जाणारा मजकूर, स्मृतींतील जागा, या सर्वांची वांटणी त्याच्या हातीं असते. १९८५ सालीं आलेल्या विंडोजच्या घराण्यांतील कारभारी आपल्या चोपड्या कुलुपांत ठेवतो. ग्राहकास मिळतो तो केवळ वापरण्याचा परवाना. लिनक्सची रीत निराळी आहे. हेलसिंकी विद्यापीठांतील विद्यार्थी लिनुस टोरवाल्ड्स यांनीं १९९१ सालीं तिचा गाभा लिहिला, आणि रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पाचीं साधनें त्यास येऊन मिळालीं. १९९२ पासून हा गाभा ग्नूच्या परवान्याखालीं आहे. तो कोणींहि वाचावा, बदलावा, वांटावा. मात्र बदललेली प्रत दुसऱ्यास देतांना तिचा मूळ मजकूरहि त्यास मोकळा ठेवावा लागतो. फुकटच्या मालास धनी नसतो, असा आक्षेप पुष्कळ घेतात. तो येथें लागूं पडत नाहीं. गाभ्यावर काम करणारे बहुसंख्य लोक मोठमोठ्या कंपन्यांचे पगारी नोकर आहेत !

तथापि मोकळेपणानें सर्व अडचणी सुटतात असें मानणें भोळेपणाचें होईल. जर्मनींतील म्यूनिक नगरपालिकेनें २००३ सालीं लिनक्सकडे वळण्याचें ठरविलें आणि २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक बदलले. एवढा खटाटोप झाल्यावर २०१७ सालीं तेथील नगरसभेनें पुन्हा विंडोजकडे जाण्याचा ठराव केला. विंडोजवरच चालणारे कार्यक्रम आणि इतर कचेऱ्यांशीं होणारी कागदपत्रांची देवघेव, हें दुखणें तेथें सतत राहिलें होतें. राजकारणाचाहि त्यांत भाग होता, असें पुष्कळांचें मत आहे.

घरगुती संगणकासहि हाच पेंच लहान प्रमाणांत पडतो. पत्रें लिहिणें, हिशेब ठेवणें, चित्रपट पाहणें, बँकेचें संकेतस्थळ उघडणें, यांस लिनक्स पुरेशी आहे. युनिकोडमधील मराठी दोहोंकडे सारखीच उमटते. परंतु ज्यांचा मजकूर युनिकोडपूर्व टंकांत जुळविलेला आहे, किंवा ज्यांचा व्यवसाय विंडोजच्याच एखाद्या कार्यक्रमावर चालतो, त्यांनीं घाई करूं नये. मुदत लिनक्सलाहि आहे. विंडोज १० ला दहा वर्षें दुरुस्त्या मिळाल्या. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीस सामान्यतः पांचच वर्षें मिळतात. मात्र तिची पुढील आवृत्ति विनामूल्य असते, आणि तिच्यासाठीं बहुधा नवें यंत्र घ्यावें लागत नाहीं.

म्हणून जुन्या यंत्राच्या मालकानें प्रथम आपल्या छायाचित्रांची व कागदपत्रांची प्रत दुसरीकडे काढावी. नंतर लिनक्स पेनड्राइव्हवर घेऊन, कांहीं न बसवितां, तिच्यावरून संगणक सुरू करावा. वायफाय लागतें कीं नाहीं, छपाईयंत्र बोलतें कीं नाहीं, हें तासाभरांत कळतें. न जमल्यास संगणक बंद करून पेनड्राइव्ह काढून घ्यावा. आंतील विंडोज होती तशीच असते.