केळीच्या सासरी जाताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर या देशाविषयी चार उपयोगी गोष्टी सांगाव्यात, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. यजमानांबरोबर मी तेथे पंधरा दिवस राहून आले, एवढाच माझा अधिकार. रावेर, यावल, शिरपूरकडच्या घरांतून तिकडच्या केळीबागा पाहून येण्याची भाषा आता कानावर येते, म्हणून बोलते. केळीचे माहेर आपल्या आशिया खंडात. पण सासरी तिचे वैभव असे, की जगात सर्वांत जास्त केळी बाहेर पाठविणारा देश तोच.

भारतीयांना २०१९ पासून तेथे व्हिसा लागतो. त्यांचा वकिलात दिल्लीस आहे. थेट विमान नाही. वाटेत ज्या देशात विमान बदलावयाचे तेथला परवाना लागतो का, हेही तिकिटापूर्वी विचारावे. चलन २००० सालापासून अमेरिकेचा डॉलर. लहान नोटा न्याव्यात. पन्नास-शंभराची नोट दुकानदार हाती धरीत नाही.

विषुववृत्तावरचा देश म्हणून नुसती पातळ लुगडी बांधू नका. राजधानी कीटो २,८५० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या तोरणमाळाच्या दुपटीहून उंच. रात्री शाल हवीच. पहिले दोन दिवस धाप लागते, डोके दुखते. तेव्हा थोडे जेवावे, पाणी भरपूर प्यावे आणि चढण टाळावी. पाणी मात्र बाटलीचे किंवा उकळलेले.

जेवणाची चिंता शाकाहारी बाईला पडते. 'सिन कार्ने' म्हणजे मांसाशिवाय. पण कोंबडी म्हणजे मांस नव्हे, अशी तिकडे पुष्कळांची समजूत! म्हणून 'सिन पोयो, सिन पेस्कादो', म्हणजे कोंबडी नको, मासे नको, हेही म्हणावे. कच्च्या केळ्याचे काप तळून, चेपून पुन्हा तळतात, ते 'पाताकोनेस'. पातळ कापांना 'चिफ्लेस' म्हणतात. ते खाताना मला आपले वेफर्सच आठवले. कच्च्या केळ्याचा लाडूसारखा गोळा असतो, 'बोलोन'. तो 'केसो' म्हणजे चीजचा मागावा. 'चिचार्रोन' म्हटले तर आत डुकराचे मांस येईल. शेंगदाण्याची चटणी बंद पाकिटात न्यावी; कच्चे धान्य, बी-बियाणे नेऊ नये.

दागिने घरी ठेवावेत. जानेवारी २०२४ मध्ये तेथील सरकारने गुन्हेगारी टोळ्यांविरुद्ध देशांतर्गत सशस्त्र संघर्ष जाहीर केला. ग्वायाकील बंदर व किनाऱ्याचा भाग विशेष जोखमीचा, आणि केळीच्या बागा नेमक्या त्याच बाजूस! केळीच्या खोक्यांतून कोकेन लपवून पाठविण्याचे प्रकार पुष्कळदा उघडकीस आले आहेत. तेव्हा कुणी कितीही गोड बोलून पुडके दिले, तरी हातात घेऊ नये.

पण भगिनींनो, न्यावयाचे काय यापेक्षा आणावयाचे नाही काय, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. पीतज्वराची लस निघण्यापूर्वी निदान दहा दिवस सरकारमान्य केंद्रात घ्यावी व पिवळे प्रमाणपत्र जपावे. ते आता जन्मभर चालते. तिकडून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत प्रमाणपत्राशिवाय येथे उतरणाऱ्यास सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवतात. लोकांना हा जाच वाटतो, मला नाही वाटत. हा रोग आपल्याकडे नाही, पण तो पसरविणारा डास आहे, डेंग्यूचाच तो. एक रोगी आला तर पुढचे काम डास करील. साठीच्या पुढच्या बायकांनी, अंड्याचे वावडे असणाऱ्यांनी लस घेण्याआधी डॉक्टरांस अवश्य विचारावे.

दुसरी गोष्ट मातीची. केळीचा पनामा मर रोग, त्यातही टीआर-४ ही जात, मातीतून पसरते. ती कोलंबियात २०१९ मध्ये आणि पेरूत २०२१ मध्ये सापडली. हे दोन्ही देश इक्वेडोरचे सख्खे शेजारी. आपल्या देशातही बिहार व उत्तर प्रदेशात ती आढळली आहे. त्यांच्या बागेत आणि आपल्या बागेत मुख्यतः कॅव्हेंडिश गटातलीच केळी. तिला या रोगावर औषध नाही, आणि ही बुरशी जमिनीत कित्येक वर्षे टिकते. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आपल्याला अभिमान. पण बुटाच्या तळाला चिकटलेली चिमूटभर माती ते काही पाहत नाही.

आपण बायका जेथे जाऊ तेथून एखादे रोप पदराआड आणतोच. तुळस, मोगरा ठीक. केळीचा कंद परदेशातून आणू नये, कुणी भेट दिला तरी. बागेत घातलेले जोडे तिकडेच टाकून यावेत. आणि तेथले बागवान आत सोडण्यापूर्वी जंतुनाशक पाण्यात पाय बुडवावयास लावतात, त्यात अपमान मानू नये. आपल्या बागेत कुणी पाहुणा आला तर आपणही दारात तसे घमेले ठेवावे.