घरच्या शुश्रूषेतील एक न बोलला जाणारा विषय



या व्यासपीठावरून असला विषय काढावा की नाही, असा संकोच आम्हांसही वाटला. परंतु ज्या घरात वृद्ध माणसाचे अंथरूण ओले होते, त्या घरात हा विषय रोज पहाटे उघडाच पडलेला असतो. बोलत मात्र कोणी नाही.

नीरा-भीमेच्या संगमावरील या नरसिंहपुरात आमच्याच घरची गोष्ट. अर्धांगवायूनंतर नानांना लघवी आवरेना. धोतर भिजेल या भयाने त्यांनी आधी देवळात जाणे सोडले, मग पाणी पिणे सोडले. "पाणीच घेतले नाही, म्हणजे तंटाच मिटला," असे ते म्हणत. तंटा मिटत नाही. लघवी दाट होते, आग होते आणि जंतूंना फावते.

डॉक्टरांनी प्रथम कारण शोधले, हे फार महत्त्वाचे. प्रोस्टेट वाढून मूत्राशय तुंबले असेल आणि थेंबथेंब गळत असेल, तर बाहेरच्या साधनाने तुंबारा हटत नाही. नानांचे तसे नव्हते. म्हणून इंद्रियावर बाहेरून चढवावयाची नळीची टोपी त्यांनी सुचविली. औषधाच्या दुकानात तिला कंडोम कॅथेटर म्हणतात. मूत्राशयात घालून ठेवलेल्या नळीपेक्षा हिच्यात जंतुसंसर्गाचा धोका कमी. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत, विशेषतः स्मृतिभ्रंश नसलेल्या पुरुषांत, हा फरक दिसून आला.

पहिल्याच दिवशी आम्ही चुकलो. गळू नये म्हणून साधी चिकटपट्टी गोल गुंडाळून आवळली. सायंकाळी पाहतो तो इंद्रिय सुजून निळसर झालेले! पट्टी लगेच काढली म्हणून निभावले. न ताणणाऱ्या पट्टीचा पुरा वेढा कधीही देऊ नये. गळते ते बहुधा माप चुकल्यामुळे. मापे मिलिमीटरमध्ये मिळतात, ती मोजूनच आणावी.

टोपी रोज बदलावी. साबणपाण्याने धुऊन, कोरडे पुसून कातडी नीट पाहावी. केस कात्रीने आखूड करावे, वस्तरा लावू नये. पुढची कातडी धुताना मागे घेतली असेल, तर ती आठवणीने पुन्हा पुढे आणावी. टोकाशी एक-दोन सेंटिमीटर जागा मोकळी सोडावी. पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली ठेवावी आणि निम्मी-अधिक भरताच रिती करावी. रबराने पुरळ उठल्यास सिलिकोनची टोपी घ्यावी. ताप आला, रक्त दिसले किंवा लघवी थांबली, तर घरी उपाय करीत बसू नये.

स्त्रियांना ही टोपी चालत नाही. त्यांची साधने निराळी.

आणखी एक. हे काम सुनेच्या गळ्यात घालून मुलगे ओसरीवर बसतात, ते आम्हांस पटत नाही. नाना सुनेसमोर लाजेने भिंतीकडे तोंड करीत. मग आम्हीच शिकलो. दार लोटावयाचे आणि "नाना, बदलू का?" असे विचारावयाचे. ते "हं" म्हणत, मगच हात लावावयाचा.

वैशाखात नृसिंहजयंतीला पोटरीला लहान पिशवी बांधून, वर धोतर नेसवून, नानांना खुर्चीतून देवळात नेले. मंडपात त्यांनी तांब्या मागितला आणि दोनदा पाणी प्याले.