मिठाच्या बरणीतले रसायनशास्त्र
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी रसायनशास्त्रावर चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. विषय जड वाटेल. पण ज्या पदार्थांविषयी मी बोलणार आहे, ते सारे आपल्या रोजच्या हाताखालचे आहेत.

‘शुद्ध’ हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो. शुद्ध तूप, शुद्ध पाणी, शुद्ध सोने! शुद्ध ते चांगले आणि मिसळलेले ते वाईट, असा आपला सरळ हिशेब असतो. रसायनशास्त्राचा हिशेब निराळा आहे. ज्यात एकाच प्रकारचे द्रव्य आहे, तो शुद्ध पदार्थ. तो सोन्यातांब्यासारखे मूलद्रव्य असेल, किंवा साखरेसारखे संयुग असेल. अनेक पदार्थ एकमेकांत मिसळले, पण त्यांचा रासायनिक संयोग झाला नाही, तर ते मिश्रण. भेळेतल्या कुरमुऱ्यांप्रमाणे घटक डोळ्यांना दिसले, तर मिश्रण विषमांगी. मिठाच्या पाण्याप्रमाणे सगळीकडे सारखे असले, तर समांगी.

आपल्या उरणकरांना हे समजावून घ्यायला पुस्तक नको, मिठागर पुरे. उरणची पुष्कळ मिठागरे आता नाहीशी झाली. पण मीठ कसे पिकते, हे आपल्यातील कित्येकींनी डोळ्यांनी पाहिले आहे. एक किलो समुद्राच्या पाण्यात सरासरी 35 ग्रॅम क्षार असतात. त्यांतला तीन चतुर्थांशाहून थोडा अधिक भाग आपले खाण्याचे मीठ, म्हणजे सोडियम क्लोराईड. उरलेल्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम वगैरेंचे क्षार. भरतीचे पाणी उथळ वाफ्यांत घेतले, की ऊन ते आटवू लागते. आधी चुना आणि जिप्सम खाली बसतात, मग मीठ धरते आणि शेवटी मॅग्नेशियमचे कडू पाणी उरते. ते वेळीच काढून टाकले नाही, तर मिठाला कडवटपणा येतो व ते लवकर पाझरते. पाहा, केवळ उन्हाने आणि वाऱ्याने एका मिश्रणातले घटक वेगळे झाले! मिश्रणाची खूण ती हीच.

आता या मिठाचा एक खडा घ्या. तो कितीही बारीक कुटा, कितीदा पाण्यात विरघळवा आणि आटवा, त्यातले सोडियम आणि क्लोरीन वेगळे होणार नाहीत. कारण त्यांचा रासायनिक संयोग झाला आहे. त्यांचे प्रमाणही ठरलेले : 100 ग्रॅम मिठात सुमारे 39 ग्रॅम सोडियम आणि 61 ग्रॅम क्लोरीन. सोडियम हा पाण्यात पडताच भडकणारा धातू, क्लोरीन हा विषारी वायू. आणि दोघांचा संयोग झाला की आमटीची चव! संयुगात घटकांचे मूळ गुण राहत नाहीत, ते असे.

मग आपल्या बरणीतले मीठ शुद्ध पदार्थ आहे का? नाही, आणि ते तसे नाही, हेच आपल्या मुलाबाळांचे भाग्य. त्यात मुद्दाम आयोडीनचा क्षार मिसळलेला असतो. आयोडीन पुरेसे मिळाले नाही, तर गलगंड होतो. आणि गर्भारपणी उणे पडले, तर पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. म्हणून 2006 सालापासून आयोडीन नसलेले मीठ रोजच्या खाण्यासाठी विकण्यास आपल्या देशात मनाई आहे. घरी येणाऱ्या मिठात दहा लाख भागांमागे निदान 15 भाग आयोडीन असावे, असा नियम आहे. प्रमाण चिमटीतही न मावणारे, पण काम केवढे! ‘आगराचे जाडे मीठ अस्सल, पुड्यातले भेसळीचे’ असे म्हणणाऱ्या आजीबाई घरोघरी आहेत. त्यांना नम्रपणे सांगा, की जाडे मीठ मासे खारवायला खुशाल वापरा, पण सूनबाईच्या ताटात आयोडीनचेच मीठ वाढा. बरणीचे झाकण घट्ट ठेवा, चमचा कोरडा वापरा. ओल आणि उष्णता यांनी आयोडीन कमी होते.

दुसरे उदाहरण गॅसचे. 1974 साली बॉम्बे हाय येथे समुद्राखाली तेल सापडले. तिथला वायू नळांवाटे आपल्या उरणला येतो आणि येथील प्रकल्पात त्यातून स्वयंपाकाचा गॅस वेगळा काढतात. तो मुख्यत्वे प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण. या दोघांनाही स्वतःचा म्हणण्यासारखा वास नाही. म्हणून त्यांत अतिशय उग्र वासाचे गंधकाचे एक संयुग अगदी थोडे मिसळतात. त्या दुर्गंधीने आजवर किती घरे वाचवली असतील! वास आला, तर दिव्याचे बटण दाबू नका, काडी ओढू नका. सिलिंडर बंद करा आणि दारेखिडक्या उघडा. हा वायू हवेहून जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो, हेही ध्यानात असू द्या.

सोन्याचेही तसेच. 24 कॅरटचे सोने मऊ, त्याची बांगडी सहज वाकते. 22 कॅरटमध्ये हजार भागांत 916 भाग सोने, बाकी तांबे-चांदीसारखे धातू. दागिन्यावरचा 916 आकडा हेच सांगतो.

मग भेसळ कशाला म्हणायचे? दूध पाहा. निर्भेळ दूधही रसायनशास्त्राच्या दृष्टीने मिश्रणच : पाणी, स्निग्धांश, प्रथिने, दुधातली साखर आणि क्षार. गाईच्या दुधात सुमारे 87 टक्के पाणी निसर्गानेच घातलेले आहे. पण त्यावर कोणी एक पेला अधिक ओतला, की ती भेसळ. साय काढून पाणी घातले, तर लॅक्टोमीटरही फसतो. कारण साय गेल्याने घनता वाढते आणि पाण्याने ती पुन्हा कमी होते. आयोडीन पुड्यावर छापून घालतात, आपल्या हितासाठी. दुधातले पाणी लपवून घालतात, दुसऱ्याच्या फायद्यासाठी. फरक मिसळण्यात नाही, लपवण्यात आहे.

म्हणून भगिनींनो, दुकानात ‘हे शुद्ध आहे का?’ एवढेच विचारून थांबू नका. यात काय काय आहे, किती आहे आणि ते कशासाठी घातले आहे, असे विचारा. पुड्यावरची बारीक अक्षरे वाचा. स्वतःला वाचता येत नसतील, तर शाळेत जाणाऱ्या नातीकडून वाचून घ्या. तिचाही धडा आपोआप पाठ होईल.