पायाखालची फरशी

(मंडळाच्या ज्येष्ठ नागरिकांच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



घरातल्या फरशीवर बोला, असं चिटणीसांनी सांगितलं तेव्हा आम्हाला जरा हसूच आलं. आम्ही काही बांधकामातले तज्ज्ञ नाही. पण हल्ली आपल्या काचीगुड्यात कोणाकडेही जा, एक विषय निघतोच: जुनी फरशी ठेवायची की बदलायची? या बाबतीत आम्ही एक मोठी चूक केलेली आहे. ती मोकळेपणी सांगितली तर एखाद्या घराला उपयोग होईल, म्हणून उभे राहिलो.

आमचं घर आजोबांनी बांधलेलं. खाली सगळीकडे शहाबादी फरशी. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की म्हणत, "अरे, आमच्या वाड्यातही हीच!" तेव्हा आम्ही अभिमानाने सांगायचो की फरशी तुमच्याकडे असेल, पण शहाबाद आमच्या बाजूचं. मुंबईहून येताना वाडीच्या अलीकडे शहाबाद स्टेशन लागतं. आज ते कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यात आहे. 1956 पर्यंत हैदराबाद संस्थानात आणि मग हैदराबाद राज्यात होतं. 1874 साली वाडी ते सिकंदराबाद रेल्वे सुरू झाली आणि तो दगड इकडे आणणंही सोपं झालं. तांदूर तर आपल्या विकाराबाद जिल्ह्यातलंच. स्वयंपाकघराच्या ओट्याचा काळा कडप्पाही शेजारच्या आंध्रातला. म्हणजे ज्या दगडांवर मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या जेवला, झोपला, ते सगळे आपल्या आसपासचे.

हे सगळं माहीत असूनही आठ वर्षांपूर्वी, मुलीच्या लग्नाआधी, आम्हाला ती फरशी डोळ्यांत खुपायला लागली. काळपट दिसते, सांधे उघडलेत, दोन ठिकाणी हलते. दुकानात गेलो. दिव्यांखाली पांढऱ्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स आरशासारख्या दिसत होत्या. मिस्त्री म्हणाला, "जुनी फोडायची गरज नाही, वरूनच चिकटवू. चार दिवसांत काम." बैठकीची खोली आणि माजघर झालं. मागच्या खोलीपर्यंत येता येता पैसे संपले, म्हणून तिथली शहाबादी राहिली.

लग्नात सगळ्यांनी कौतुक केलं. पण जुन्या फरशीवर टाइल आणि चिकटवण्याचा मसाला मिळून अर्ध्या इंचाहून जास्त जाडी चढली होती. दारं खालून तासावी लागली. माजघर आणि नहाणीच्या मध्ये, पूर्वी कधीच नव्हती अशी एक छोटी पायरी तयार झाली. आम्ही म्हटलं, होईल सवय.

त्याच वर्षी भाद्रपदात, गौरी जेवायच्या दिवशी, आई ओल्या पायांनी नहाणीतून बाहेर आली आणि घसरली. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, तीन महिने अंथरुणात गेले, मग वॉकर आला. आईने आम्हाला एका शब्दाने बोल लावला नाही. एवढंच म्हणाली, "मी बघूनच पाय टाकला होता रे. पाणी दिसलंच नाही."

ते वाक्य आम्ही विसरलेलो नाही. पांढऱ्या चकचकीत टाइलवर सांडलेलं पाणी दिसत नाही, आणि ती टाइल पाणी शोषतही नाही. शंभर ग्रॅम टाइल अर्धा ग्रॅमसुद्धा पाणी पीत नाही, म्हणून तर ती डागत नाही. पण दुकानात ज्याला गुण म्हणतात, तोच ओल्या पायाखाली दोष ठरतो. आम्ही फरशी डोळ्यांनी निवडली. ती पायांनी निवडायला हवी होती.

नंतर वरची टाइल काढायचा प्रयत्न केला. मसाला इतका घट्ट धरला होता की तिच्याबरोबर खालच्या शहाबादीचे तुकडे निघू लागले. चार फरश्या गमावल्यावर हात आवरला. तेव्हा पहिली विनंती ही, की जुन्या दगडी फरशीवर काहीही चिकटवण्याआधी दहा वेळा विचार करा. तो परतीचा रस्ता नाही.

खरं तर आमच्या जुन्या फरशीचं दुखणं साधं होतं. मागच्या खोलीत आम्ही नंतर तेच काम करून घेतलं. काठीच्या टोकाने फरशी ठोकत गेलो. जिथे पोकळ आवाज आला, तिथे खडूने खूण केली. अशा सहाच फरश्या निघाल्या. त्यांना नंबर घालून, पहारीने हळूच उचलून, खालचा भुसभुशीत झालेला मसाला खरवडून काढला. एक भाग सिमेंट, पाच भाग वाळू असा नवा थर घालून, पाणसळ लावून त्याच फरश्या त्याच जागी बसवल्या. बाकीचे सांधे खरवडून दर्जा भरल्या. आठवडाभर पाणी मारलं. शेवटी मशीनने घासून हलकं पॉलिश केलं, आरशासारखं नाही. खर्च टाइल्सच्या मानाने फारच थोडा आला.

एका कोपऱ्यात पांढरा लोणा येत होता. मिस्त्री म्हणाला, "वरून केमिकल मारू." पण लोणा म्हणजे खालच्या ओलीबरोबर वर आलेला क्षार, ओल थांबली नाही तर तो पुन्हा येणारच. शोध घेतला तर नहाणीच्या जाळीभोवतीचा सांधा फुटला होता. तो भरला, खोली महिनाभर वाळू दिली, मग ब्रशने कोरडं झाडलं. पुन्हा लोणा आला नाही. फरशीची तक्रार बहुधा फरशीची नसते, पाण्याची असते.

आता निगा. शहाबादी, तांदूर आणि कडप्पा हे तिन्ही चुनखडीचे दगड. त्यांना आंबट सोसत नाही. गणपतीच्या आधी आपण पूजेची तांब्या-पितळेची भांडी चिंचेने, लिंबाने घासतो, आणि मग फरशीवर पांढुरके ठिपके दिसतात. ते डाग नाहीत. तिथला दगड आंबटाने खाल्लेला असतो. तो पुसून जात नाही, घासून पॉलिशच करावं लागतं. म्हणून भांडी परातीत किंवा मोरीत घासा. आणि संडास साफ करायचं अ‍ॅसिड दगडी फरशीवर कधीही ओतू नका. आमच्याकडे एकदा कामवाल्या बाईंनी आमच्याच सांगण्यावरून ओतलं. तो पट्टा अजून आहे. कोमट पाणी आणि थोडासा सौम्य साबण एवढं पुरतं. दगड कोणता हे माहीत नसेल तर कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाका, पाच मिनिटांनी पुसा. तिथे चमक गेली तर चुनखडी समजा.

समईचं तेल सांडलं तर पाण्याने पसरवू नका. कागदाने टिपा, वर पीठ किंवा टाल्कम पावडर पसरून रात्रभर ठेवा, सकाळी झाडा. जुना डाग असेल तर दोन-तीनदा करावं लागेल. हळदीला साबण लावला की ती लाल होते. घाबरू नका, हळदीला चुना लावून आपण कुंकू करतो, त्यातलाच हा प्रकार. आधी साध्या पाण्याने पुसा आणि शक्य असेल तर ऊन लागू द्या. उन्हाने हळद फिकी पडते.

ज्यांची घरं फ्लॅटच्या योजनेत गेली आहेत, त्यांना नव्या टाइल्स घ्याव्याच लागतील. त्यांनी चार गोष्टी बघाव्यात. एक, नमुन्याच्या टाइलवर दुकानातच पाणी टाकून अनवाणी पाय ठेवून बघा, लाजू नका. नहाणी, स्वयंपाकघर आणि बाल्कनीत खरखरीत मॅट फिनिशच घ्या. दोन, मोजमापापेक्षा दहा टक्के जास्त घ्या, सगळी खोकी एकाच बॅचची असल्याचं तपासा आणि उरलेल्या टाइल्स माळ्यावर जपून ठेवा. पाच वर्षांनी तो रंग मिळत नाही. तीन, व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीत नाही, म्हणून नुसत्या सिमेंटच्या रबडीवर ती नीट धरत नाही. टाइलचा मसाला वापरायला लावा आणि दोन टाइल्समध्ये निदान दोन मिलिमीटर फट ठेवा. उन्हाळ्यात फुगायला जागा नसेल तर टाइल्स मधूनच उचलल्या जातात. चार, मिस्त्रीचे पैसे चुकते करण्याआधी नहाणीत बादलीभर पाणी ओता. ते जाळीकडे गेलं पाहिजे, दाराकडे नाही.

आणि खोल्यांमध्ये पायरी होऊ देऊ नका. अर्धा इंच तरुण माणसाला दिसत नाही आणि म्हाताऱ्या माणसाला ओलांडता येत नाही.

आई आता मागच्या खोलीतच राहते. तिने स्वतःच ती मागून घेतली. म्हणाली, "इथे पायाला कळतं, मी कुठे उभी आहे." पडल्यानंतरची दोन वर्षं बैठकीच्या खोलीत आरती चालू असताना ती आतूनच टाळ्या वाजवायची. मग आम्ही गणपती मागच्या खोलीत बसवायला लागलो. जागा लहान आहे, निम्मी मंडळी पडवीत उभी राहतात. पण आई वॉकर बाजूला ठेवून, भिंतीला हात लावून, शहाबादीवर अनवाणी उभी राहते आणि शेवटपर्यंत आरती म्हणते.

या वर्षीही बाप्पा तिथेच बसणार आहेत. आपण सर्वांनी दर्शनाला जरूर यावं. पुढच्या खोलीतून येताना मात्र जपून या.

गणपती बाप्पा मोरया!