शुश्रूषा करणारीची विचारपूस

पालघर जिल्ह्यांतील केळवें हें गांव मुंबईकरांस ठाऊक आहे तें समुद्रकिनाऱ्यामुळें, शीतलादेवीच्या देवळामुळें आणि नारळी-पोफळीच्या वाड्यांमुळें. या गांवांतील पुष्कळांची नोकरी मात्र बाहेर असते. कोणी सकाळींच केळवे रोड स्टेशन गांठून मुंबईकडे जातो, कोणी बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत. २०१३ सालीं लोकल गाड्या डहाणूपर्यंत धावूं लागल्यावर ही ये-जा सुकर झाली. अशा एखाद्या घरीं सासरे अंथरुणास खिळलेले असले, म्हणजे दिवसभर त्यांच्याजवळ राहते ती बहुधा सून.

दर दोन तासांनीं त्यांची कूस बदलणें, पाठीला जखम होऊं नये म्हणून जपणें, औषधांच्या वेळा सांभाळणें, रात्रीं पुनःपुन्हां उठणें हें तिचें काम. समाचारास येणारा पाहुणा "अण्णा कसे आहेत?" म्हणून विचारतो, "तुम्हांला झोंप मिळते का?" असें तिला कोणी विचारीत नाहीं. तिच्या कष्टांस पुण्य म्हटलें, कीं आपलें देणें फिटलें असें नातलगांस वाटतें. पण तीच आजारी पडली, म्हणजे घरांत दोन रुग्ण होतात आणि दोघांचेंहि पाहणारें कोणी उरत नाहीं.

इंग्लंडांत मेरी वेब्स्टर या बाईंनीं आईवडिलांच्या शुश्रूषेसाठीं १९५४ सालीं आपलें काम सोडलें. पुढें १९६५ मध्यें त्यांनीं अशा अविवाहित स्त्रियांसाठीं एक संस्था स्थापिली. १९७६ पासून तेथील सरकार शुश्रूषा करणारांस भत्ता देऊं लागलें. तथापि विवाहित स्त्री घरींच असते, या समजुतीनें तो तिला नाकारला जाई. १९८६ सालीं युरोपीय न्यायालयाच्या निर्णयानें हा अन्याय दूर झाला. ती समजूत आपल्याकडे आजहि नांदते आहे.

आपल्या २००७ च्या कायद्याप्रमाणें ज्येष्ठास टाकून देणारास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊं शकतात. जी टाकून देत नाहीं, तिला हात देण्याविषयीं मात्र त्यांत कांहीं नाहीं.

साहाय्य अगदींच नाहीं असें नव्हे. ज्येष्ठांसाठीं १४५६७ हा मोफत दूरध्वनि क्रमांक २०२१ पासून देशभर चालूं आहे. तेथें माहिती व सल्ला मिळतो. मनावर भार आला असतां १४४१६ या क्रमांकावर बोलतां येतें, आणि तो क्रमांक रुग्णासाठींच नव्हे, त्या सुनेसाठींहि आहे. सत्तर वर्षें पुरीं झालेल्यांस उत्पन्नाची अट न घालतां वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयांतील उपचार मिळण्याची सोय २०२४ पासून झाली आहे. गरीब वृद्धांस श्रावणबाळ योजनेचें निवृत्तिवेतन आहे. वृद्धांच्या आरोग्यासाठीं असलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमांत आरोग्यसेवकानें घरीं येऊन पाहण्याचीहि तरतूद आहे.

परंतु एक काम तहसील कचेरींत, दुसरें रुग्णालयांत, तिसरें दूरध्वनीवर. केळव्याहून पालघरला जाऊन यावयाचें तर तितका वेळ सासऱ्यांजवळ कोण बसणार? ज्या बंधनांतून सुटण्यासाठीं साहाय्य हवें, तेंच बंधन तिला साहाय्यापर्यंत पोहोंचूं देत नाहीं. म्हणून साहाय्यानेंच तिच्या दारीं गेलें पाहिजे. गांवांतील आशाताईंनीं आजाऱ्याबरोबर शुश्रूषा करणारीचीहि विचारपूस करावी आणि कोणती सोय कोठें मिळते तें तिला सांगावें.

शहरांत राहणाऱ्या मुलांना व मुलींना याहून अधिक करतां येईल. दूरध्वनि करणें, अर्ज भरणें, कागदपत्रें जुळविणें हीं कामें दादर-बोरिवलींत बसूनहि होतात. महिन्यांतून दोन दिवस गांवीं जाऊन वडिलांची कूस स्वतः बदलावी, आणि त्या दोन रात्रीं वहिनींना स्वस्थ झोंपूं द्यावें.