खडीची खाण आणि गावची विहीर



आम्ही विद्वान नाही. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, कामगार कायद्याची पुस्तके चाळता चाळता झाले. तीस वर्षे आम्ही कामगाराचा रोजगार टिकावा म्हणून भांडलो. तोच माणूस आज वस्तीशेजारच्या खडीच्या खाणीला विरोध करा असे सांगतो, याचे आपल्याला नवल वाटेल. म्हणून आधी आमची चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका गावचे शेतकरी आमच्याकडे आले. घरांपासून हाकेच्या अंतरावर खाण निघणार होती. आम्ही त्यांना सुनावले, "तुमच्या विरोधाने मजुरांच्या चुली विझतील." त्यांच्यातली एक म्हातारी म्हणाली, "भाऊ, भाकरी थापायला आधी पाणी लागतं." आम्हाला उत्तर सुचले नाही.

पुढे त्यांनी आम्हाला दुसऱ्या एका गावची चालू खाण दाखवली. आपला दख्खनचा काळा पाषाण स्वतः पाणी धरीत नाही. पाणी राहते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या सांध्याभेगांत. खाण विहिरींच्या तळाखाली गेली, की त्या भेगांतले पाणी खाणीत उतरते आणि पंप ते ओढ्यात फेकून देतो. कडेच्या विहिरी उन्हाळ्याआधीच तळ गाठतात. तिथे तेच झाले होते. सुरुंगांनी भिंतींना तडे गेले होते आणि कांद्याच्या पातीवर पांढरा थर बसला होता.

मग आम्ही मजुरांकडे गेलो. ब्रासवर मजुरी, तोंडाला फडके, प्यायला टँकरचे पाणी. हजेरीपट कोणी पाहिलेला नाही. ज्या रोजगाराची आम्ही तरफदारी करीत होतो, तो हा! शेतकऱ्याच्या पिकावर बसणारी धूळ आधी मजुराच्या छातीतून जाते. मग या दोघांना एकमेकांविरुद्ध उभे करण्यात कोणाचे हित आहे?

या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. दोन्ही प्रकरणे साध्या पत्रांवरून सुरू झाली आणि दोन्ही न्यायमूर्ती भगवती यांच्यापुढे चालली. पहिले फरिदाबादच्या दगडखाणींतील वेठबिगारांचे. 16 डिसेंबर 1983 च्या निकालाने मजुरांना शुद्ध पाणी, किमान वेतन आणि धुळीपासून संरक्षण देण्याचे आदेश दिले. दुसरे डेहराडून-मसुरी भागातील चुनखडीच्या खाणींचे. 12 मार्च 1985 रोजी न्यायालयाने त्यांतल्या अनेक खाणी बंद केल्या. लोकांची घरे, गुरे आणि शेती वाचवायची तर ही किंमत मोजावी लागेल, असे त्याने मानले. आणि बेकार होणाऱ्या मजुरांना शक्य तितक्या लवकर वनीकरणाच्या व मृदसंधारणाच्या कामावर घ्यावे, असेही सांगितले. गाव वाचवायचे आणि मजूरही सोडायचा नाही, हा मार्ग चाळीस वर्षांपूर्वीच दाखवून दिलेला आहे.

कायद्याच्या भाषेत खडी हे 'गौण खनिज' आहे. ज्याची विहीर आटते त्याला ते गौण नसते. पाच हेक्टरांहून लहान खाणींनाही पर्यावरण मंजुरी लागेल, हे ठरायला 27 फेब्रुवारी 2012 च्या निकालापर्यंत थांबावे लागले.

आपण विचाराल, शहराला खडी नको काय? हवी. आपली घरे खडीवरच उभी आहेत. आमचा विरोध खडीला नाही, जागेला आणि रीतीला आहे. खाण वस्तीपासून दूर हवी. विहिरींच्या पाण्याची मोजणी आधी हवी. मजुराचे नाव हजेरीपटावर हवे. ग्रामसभेला खरोखर विचारले पाहिजे. शिवाय जुन्या इमारतींच्या राडारोड्यापासून खडी करता येते. 2016 च्या भारतीय मानकाने मर्यादित कामांसाठी तिला मान्यता दिली आहे. तो राडारोडा मात्र आपण रात्री नदीकाठी टाकून येतो.

त्या म्हातारीच्या गावचा लढा अजून संपलेला नाही. आज आम्ही त्यांच्या बाजूला बसतो. दुसऱ्या गावच्या खाणीवरचे काही मजूरही येऊन बसतात. परंतु ती खडी ज्यांच्यासाठी फुटणार, ते शहरातले लोक तिथे अद्याप दिसलेले नाहीत. पुढच्या सभेला आपल्यापैकी दहाजण जरी आले, तरी आजचे आमचे बोलणे कामी आले असे आम्ही समजू.