श्रद्धा सांगण्याचें धैर्य



मालवणच्या किनाऱ्यावर नाताळाच्या दिवसांत ख्रिस्ती घरांतला फराळ शेजाऱ्यांकडे जातो आणि चवथीला शेजाऱ्यांचे मोदक त्या घरांत येतात. हा शेजार फार जुना आणि प्रेमाचा आहे. तथापि या देवाणघेवाणींत एक वस्तु बहुधा उंबरठ्याच्या अलीकडेच राहते. ती म्हणजे आपण ज्याच्यावर श्रद्धा ठेवितों त्याच्याविषयींचा मोकळा शब्द. तुम्ही ख्रिस्ताला कां मानितां, असें शेजाऱ्यानें सहज विचारलें, तर आपल्यापैकीं पुष्कळजण हंसून विषय बदलतात. कोणाला वाटतें कीं गैरसमज होईल. कोणाला वाटतें कीं आपणांस नीट सांगतां येणार नाहीं. या संकोचाचा, आणि त्याला ओलांडणाऱ्या धैर्याचा, आज आपण थोडा विचार करूं.

हा संकोच निष्कारण आहे असें म्हणतां येणार नाहीं. आपल्या दक्षिणेस, तेरेखोलच्या खाडीपलीकडे, ख्रिस्ताचें नांव पोर्तुगीज सत्तेच्या सावलींत आलें. गोव्यांत १५६० सालीं धर्मन्यायालय स्थापन झालें आणि तें कायमचें बंद होण्यास १८१२ साल उजाडलें. १५८३ सालीं कुंकळ्ळी येथें पांच जेझुइट धर्मोपदेशक मारले गेले; त्याचा सूड म्हणून पोर्तुगीजांनीं तेथील गांवकऱ्यांच्या प्रमुखांना बोलावून घेऊन त्यांचा वध केला. त्या काळांत कित्येक कुटुंबें, हिंदु तशींच ख्रिस्तीही, गोवा सोडून उत्तरेकडे आलीं. हा इतिहास लपवून ठेवून ख्रिस्ताची साक्ष देतां येणार नाहीं. ज्याच्या पाठीशीं तलवार उभी असते त्याला बोलावयास धैर्य लागत नाहीं. धैर्य लागतें तें ऐकणाराला. म्हणून श्रद्धा सांगण्याच्या धैर्याची पहिली कसोटी हीच कीं, बोलणारानें आपल्या हातीं कोणतेंही बळ ठेवलेलें नसावें.

त्याच काळांत, त्याच सत्तेच्या छायेंत, एक निराळा प्रयत्नही झाला. इंग्लंडांतून आलेला थॉमस स्टीफन्स नांवाचा जेझुइट पाद्री १५७९ सालीं गोव्यास उतरला आणि सासष्टींतील लोकांमध्यें राहूं लागला. आपले जुने पुराणग्रंथ दुरावलेल्या नवख्रिस्ती लोकांना गाण्याऐकण्यासाठीं कांहीं तरी हवें होतें. स्टीफन्सनें त्यांच्यासाठीं लॅटिन ग्रंथाचें भाषांतर केलें नाहीं. तो मराठी ओवी शिकला, आणि सुमारें अकरा हजार ओव्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ त्यानें रचिलें. तें १६१६ सालीं रोमन लिपींत छापलें गेलें. विद्वान् परदेशी माणसानें आपल्या श्रोत्यांचा शिष्य होऊन त्यांच्या शब्दांत आपला देव सांगावा, यांत मोठी नम्रता आहे. पुढें १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें लोकभाषा बंद पाडण्याचा हुकूम काढला. आज तो हुकूम केवळ इतिहासाच्या पुस्तकांत उरला आहे; ओव्या मात्र हस्तलिखितांतून जपल्या गेल्या आणि १९०७ सालीं मंगळूर येथें पुन्हा छापल्या गेल्या. बळानें बोललेला शब्द विरतो. शेजाऱ्याच्या भाषेंत बोललेला शब्द टिकतो.

परंतु धैर्याचें खरें मोल आपल्याच मुलखांतील एका कवीनें दिलें. नारायण वामन टिळक १८६१ सालीं करजगांव येथें जन्मले. करजगांव रत्नागिरी जिल्ह्यांतलें. आपलें मालवण आणि वेंगुर्लें हींही १९८१ पर्यंत त्याच जिल्ह्यांत होतीं. १८९३ सालीं आगगाडीच्या प्रवासांत एका गोऱ्या सहप्रवाशानें त्यांना नवा करार वाचावयास दिला. त्या गृहस्थानें वाद घातला नाहीं, आमिष दाखविलें नाहीं. पुस्तक हातीं दिलें आणि तो आपल्या वाटेनें गेला. टिळकांनीं तें वाचलें, मनाशीं झुंज घेतली, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्या दिवशीं जात गेली, आप्त गेले, आणि पत्नी लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत एकाकी राहिली.

येथेंच त्यांच्या श्रद्धेची दुसरी, अधिक कठीण परीक्षा होती. ज्या शब्दासाठीं सर्वस्व सोडलें तो शब्द जिवलग माणसानें मानला नाहीं तर काय करावें? कांहीं वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई त्यांच्याकडे आल्या, त्या आपलें सोवळें घेऊनच. टिळकांनीं त्यांचें सोवळें मोडलें नाहीं. जातिभेद माणसांनीं केला कीं देवानें, या प्रश्नाचा निवाडा त्या बाईनें स्वतःच्या मनाशीं, स्वतःच्या गतीनें केला, आणि १९०० सालीं स्वतःच्या निश्चयानें बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रें’ वाचणारास या घराची सर्व हकीकत ठाऊक आहे. दुसऱ्याला ‘नाहीं’ म्हणण्याची मोकळीक देऊन त्याच्यापाशीं आपलें ‘होय’ सांगत राहणें, याहून अवघड धैर्य मला तरी दिसत नाहीं.

पुढें टिळकांनीं ख्रिस्ताला अभंगांत, भजनांत आणि कीर्तनांत आणिलें. १९१७ सालीं त्यांनीं मिशनचा पगारही सोडला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारिला. त्याचें दार बाप्तिस्मा घेतलेल्यांना तसेंच न घेतलेल्यांनाही उघडें होतें. पगारासाठीं बोलतो, हा आक्षेप त्यांनीं असा आपल्या हातानें पुसून टाकला. १९१९ सालीं ते निवर्तले. त्यांचीं पदें मराठी मंडळ्यांत अजून गायिलीं जातात.

आणि साक्ष केवळ शब्दांनींच होते असें तरी कोठें आहे? आपल्या वेंगुर्ल्यास अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉक्टरांनीं रुग्णसेवा केली. अशाच एका डॉक्टरच्या घरीं १९१९ सालीं वेंगुर्ल्यास जन्मलेला मुलगा, रॉबर्ट गोहीन, पुढें अमेरिकेंतील प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष आणि नंतर भारतांतील अमेरिकेचा राजदूत झाला. मात्र औषधाच्या बाटलीला श्रद्धेची अट बांधली कीं सेवेचा सौदा होतो, हें सेवा करणारानें नित्य स्मरावें. रोग्याची वेदना हें आपल्या प्रचाराचें साधन नव्हे.

आज आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमानें प्रत्येकास धर्म मानण्याचें, आचरण्याचें आणि त्याचा प्रसार करण्याचें स्वातंत्र्य दिलें आहे; सार्वजनिक सुव्यवस्था, नीति आणि आरोग्य यांच्या मर्यादा त्यास आहेत. १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, प्रसार म्हणजे आपल्या धर्माचीं तत्त्वें समजावून सांगणें. दुसऱ्याचें धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यांत येत नाहीं. ख्रिस्ती माणसानें ही मर्यादा जाचक मानूं नये. मन पालटणें हें मनुष्याचें काम नव्हेच, असें त्याचा स्वतःचा धर्मच त्याला शिकवितो. त्याच्याकडे काम आहे तें साक्षीचें. आणि साक्षीदार जें पाहिलें तेवढेंच सांगतो, निकाल देत नाहीं.

मग आपण काय करावें? विचारणारास टाळूं नये. पाठ केलेलीं वचनें त्याच्यापुढें ओतूं नयेत. दुःखांत मला कोणी सांवरलें, वैऱ्याला क्षमा करण्याचें बळ कोठून आलें, तें साध्या मालवणींत सांगावें. त्याच्या देवाची निंदा करूं नये. आपलें सांगून झालें कीं त्याचेंही तितक्याच आदरानें ऐकावें. ज्याला ऐकतां येत नाहीं त्याच्या बोलण्याला धैर्य न म्हणतां गलबला म्हणावें. आणि त्यानें मान हलविली नाहीं, तरी पुढच्या चवथीला त्याच्या अंगणांत पूर्वीच्याच प्रेमानें जावें.

रात्रीं समुद्रावर गेलेल्या होडीला किनाऱ्यावरचा दिवा हांक मारीत नाहीं, दोर टाकून ओढीतही नाहीं. तो आपल्या जागीं जळत राहतो आणि वाट नावाड्यानें ठरवावयाची असते. पण दिवाच कोणी भांड्याखालीं झांकून ठेविला, तर त्याला सौजन्य म्हणतां येणार नाहीं. तो दिवा उघडा ठेवण्याचें धैर्य आपणां सर्वांस लाभो, एवढीच प्रार्थना.